नावाआधीचं टिंब

खराडीच्या ऑफिसात मला एकोणीस दिवस झाले होते
तेव्हा साळगावकर सरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.
"हे ओव्हाळनं कधी केलं?
तो तर मार्चमध्येच गेला."

मी केलं होतं.
बिलात शेवटी पाच पैसे जास्त येत होते, ते काढले,
रात्री पावणेनऊला, मगरपट्ट्याची बस सोडून देऊन.
पण नोंदीत ओळीओळीला
दयानंद ओव्हाळ
दयानंद ओव्हाळ.
एकोणीस दिवस मी
त्यांची हजेरी लावत होते.

लॅपटॉप त्यांचाच.
झाकणावर कसल्याशा स्टिकरचा गोंद अजून चिकटतो बोटाला.
पुसून दिलाय म्हणाले होते. पुसला नव्हता.
गिटला कुणीतरी एकदाच सांगितलं होतं, हा माणूस कोण ते,
आणि त्यानं ते लिहून ठेवलं होतं.
कुठे?

आधी प्रोजेक्टच्या पोटात पाहिलं.
तिथे सर्व्हरचा पत्ता होता, नाव नव्हतं.
मग अख्ख्या मशीनची वही:
ती ज्या फोल्डरात असते त्याचं नाव, खरंच,
'इत्यादी'.
इत्यादीत कंपनीचे नियम होते.
माणूस नव्हता.

शेजारचा तांबोळी डब्यातली शेपू कडेला सारत म्हणाला,
"घरी बघितलंस का?"
मी म्हटलं, घरी म्हणजे वडगाव शेरीला?
तो इतका हसला की पाणी प्यावं लागलं त्याला.

घर म्हणजे एक नागमोडी रेघ,
कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, एस्केपच्या खाली.
इतकी वर्षं ती कळ मी कधी दाबलीच नव्हती.
घरी गेले. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स,
'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर दोन'.
"नाहीये," मी म्हटलं.
"आहे. नावाआधी टिंब आहे तिच्या.
टिंब लावलं की वस्तू असते, पण दिसत नाही.
सगळं दाखव म्हण."

सगळं दाखव म्हटलं.
भिंतीतून पाहुणे यावेत तशा फायली आल्या,
त्यात ही. अकरा ओळी.

तांबोळीनं एवढंच वर सांगितलं:
तीन ठिकाणी तीन गोष्टी लिहिल्या असल्या
तर गिट सगळ्यात जवळचीचं ऐकतं.
(आमच्याकडे ठाण्याच्या आत्याचं चालतं.)

वरच्या दोन ओळींत त्यांचं नाव, त्यांचा ईमेल.
खाली त्यांनी स्वतःसाठी केलेल्या आज्ञा,
रोमन अक्षरांत, मराठी:
'बघ', म्हणजे काय काय बदललंय ते.
'कुणी', म्हणजे ही ओळ कुणी लिहिली ते.
'जाऊदे', म्हणजे आत्ताचं सगळं टाक,
मागच्या वेळी नीट होतं तिथे ने.

मी नंबर मिळवून फोन लावला.
सासवडजवळ अंजिराच्या बागेत होते, मागे पंप चालू होता.
"ती फाइल? मलाही सापडत नव्हती हो.
आठ महिने मी कुणा नलिनी घैसासच्या नावानं काम केलं.
अकरा ओळींतल्या वरच्या दोन तुमच्या करा.
जाऊदे राहू दे."
जरा वेळानं कळलं
की हे समजुतीचं नव्हतं, आज्ञेबद्दल होतं.

दोन ओळी बदलल्या.
वृषाली डोळस. 'ळ' नीट उमटला का पाहायला
फाइल बंद करून पुन्हा उघडली.
मागचे एकोणीस दिवस बदलायचे का विचारलं,
सर म्हणाले, नको, सगळ्यांकडे पोचलेत ते आता.

संध्याकाळी कराचा हिशेब माझ्याच हातून विसकटला.
'जाऊदे' लिहिलं. गेलं.
खिडकीखाली नगर रस्ता नेहमीसारखा उभाच होता.
निघण्याआधी, उगीच,
त्या पाच पैशांच्या ओळीवर 'कुणी' चालवून पाहिलं.

दयानंद ओव्हाळ, म्हणालं.