आठवं नाव

मे महिना. थंडर बेला सरोवरावरचा बर्फ अजून
काठाकाठाने रेंगाळतो,
चपला घालूनही दारातच बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा.
हिवाळ्यात इथे रांग असते माझ्या खिडकीपासून जिन्यापर्यंत,
ओल्या बुटांची थारोळी, आणि प्रत्येकाच्या हातात
कुठलातरी फॉर्म, चुकीचा.
आता मी, पंखा, आणि पडद्यावर लाल झालेली एक ओळ:
संख्याशास्त्र, उन्हाळी सत्र.
हवेत आठ. आहेत सात.
शुक्रवारी पाचला वर्ग आपोआप रद्द.

आपोआप म्हणजे कोणीच न करता.
हा शब्द मला कधी आवडला नाही.

टोइवो रान्ता नऊ वर्षं हाच विषय शिकवतो,
दर उन्हाळ्यात नव्या करारावर, जुन्या पगारात.
खडूची पेटी स्वतःची बाळगतो.
खिडकीशी आला, आकडा वाचला, म्हणाला,
"सात बरे. सातांची नावं पाठ होतात."
आणि कोट विसरून गेला.

सात कोण ते मला ठाऊक आहे.
डार्सी मुनियास वणवे विझवते,
आठवड्याचे चार दिवस तिच्या फोनला रेंज नसते,
आणि आमची नोंदणी उघडते मंगळवारी पहाटे सहाला.
तिने नाव घातलं ते पेट्रोल पंपावर उभं राहून,
चौदा टिचक्या, तीन पासवर्ड,
मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.
हा एक विषय राहिला म्हणून तिचं नर्सिंग अडलंय.
बाकी सहांचंही असंच काहीतरी,
कुणाची रात्रपाळी, कुणाचं तान्हं मूल.

शुक्रवार. चार वाजून दहा.
मी खुर्ची फिरवली आणि माझंच नाव टाइप केलं:
आयला कोस्केला. वय बावन्न.

यंत्र म्हणालं, नाही.
खात्यावर अडवणूक आहे, कृपया संबंधित कार्यालयाशी संपर्क साधा.
संबंधित कार्यालय मीच.
खोदत गेले तर तळाशी ग्रंथालयाचा दंड निघाला:
मधमाश्यांवरचं पुस्तक, एकाच सत्रापुरती मी इथे शिकले तेव्हाचं,
चार डॉलर वीस सेंट.
आई आजारी पडली, मी घरी गेले, पुस्तक परत केलं.
उशिरा केलं असणार.

शेजारच्या खिडकीत ग्वेन पेलेटिए, बावीस वर्षांची मैत्रीण.
"पावती हवी?" तिने विचारलं, चेहरा सरळ ठेवून.
"हवी," म्हटलं. "शिक्क्यासकट."

चार वाजून त्रेपन्न. लाल ओळ काळी झाली.

मग पत्र आलं. माझ्याच खिडकीतून सुटलेलं,
मीच कधीकाळी लिहिलेलं, हजारोंना धाडलेलं:
*उपरोक्त अभ्यासक्रमातील आपली प्रवेशस्थिती
परिशिष्ट ब मधील अटींच्या अधीन राहून
अंतरिम स्वरूपात विचाराधीन आहे.*
दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
वर्ग आहे की नाही, ताकास तूर लागेना.
इतकी वर्षं हेच वाढत आले मी लोकांना,
स्वतः घास घेऊन कधी पाहिला नाही.

ग्वेन दिवे मालवून गेली. मी बसून राहिले.
परिशिष्ट खोडलं. 'उपरोक्त' खोडलं.
तीन ओळी उरल्या:
वर्ग होणार आहे. सोमवारी नऊला, खोली दोनशे चार.
काही अडलं तर मला फोन कर. आयला.
खाली नंबर.
नंबर लिहिताना जरा हात थांबला, खोटं कशाला बोलू.

डार्सीला मात्र मी फोनच केला, वणवा-केंद्राच्या रेडिओवाल्याकडे.
त्याने निरोप जंगलात पोचवला:
"तुझं गणित पक्कं झालं, ओव्हर."

सोमवारी तिच्या जाकिटाला धुराचा वास होता.
टोइवोने हजेरी घेतली, न बघता, सातही.
मग कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि खडू मोडला त्याच्या हातात.

मी तिसऱ्या बाकावर. पेन्सिलीला टोक नव्हतं.
खाली माझ्या खिडकीवर पाटी लावून आले होते,
जाड अक्षरात, कुणालाही कळेल अशी:
शिकायला गेले आहे. साडेदहाला येते.