शक्यतो डावीकडे

जहाज सतरा सप्टेंबरला सुटतं, साउदॅम्प्टनहून, साडेचारला.
म्युरिएलचा परवाना अठराला संपतो.
नवा मागणार नाही, असं तिनंच सांगितलं,
बटाटे सोलता सोलता,
जणू दूधवाल्याला म्हणावं, उद्यापासून एकच बाटली.

तेव्हा जहाजाआधीचे चार दिवस
गाडीचे.
स्विंडनहून बंदर सरळ गेलं तर दीड तास.
आम्ही तो दीड तास चार दिवसांवर पसरतोय,
उरलंसुरलं लोणी पावाच्या कडेपर्यंत न्यावं तसा.

नकाशा माझ्याकडे, स्टिअरिंग तिच्याकडे.
एकोणतीस वर्षं हीच वाटणी:
ती बघते समोरचं, मी पुढचं.

अटी तिच्या.
अंधार पडल्यावर नाही. तिन्हीसांजेला म्हणे
समोरच्या दिव्यांना पाकळ्या फुटतात,
आणि रस्ता त्या फुलांच्या मागे कुठेतरी असतो.
मोटरवे नाही.
उजवीकडे वळणं शक्यतो नाही,
येणारी गाडी किती लांब आहे
याचा तिला हल्ली भरवसा वाटत नाही.

आता नुसतं डावीकडे वळत माणूस पोचतो कुठे?
मी पेन्सिलीनं करून पाहिलं.
स्विंडनला.

मग खोडरबर, चहा, पुन्हा पेन्सिल.
पहिला मुक्काम एव्हबरी. तिथले दगड गावातच उभे,
मेंढ्या त्यांना पाठ घासतात.
मग सॉल्झबरी. आधी कळसाचं टोक दिसतं, शहर मागाहून,
म्हणजे चुकलो तरी माझ्या लक्षात येईल.
शाफ्ट्सबरीचा चढ गाळला, गाडीच्या छातीला झेपणार नाही.
पुढे डॉर्सेटच्या अरुंद वाटा, दोन्हीकडे कुंपणाची झाडी
डोक्याच्या वर; समोर ट्रॅक्टर आला
की दोघांतल्या एकाला मागे जावं लागतं.
म्युरिएल आजवर कधी मागे गेली नाही.
ट्रॅक्टरवाले जातात, टोपीला हात लावून.

न्यू फॉरेस्ट शेवटी ठेवलंय.
तिथं तट्टं भर रस्त्यात उभी राहतात, विचारात पडल्यासारखी.
सगळेच हळू जातात तिथं. तिला बरं वाटेल.

केबिन बिनखिडकीची घेतली, दोनशे पौंड वाचले.
एकीला नीट दिसत नाही, दुसरीला पडल्या पडल्या झोप लागते,
समुद्र कोणासाठी विकत घ्यायचा?

सतराच्या सकाळी बंदराजवळच्या पेट्रोल पंपावर
प्रिचर्ड येणार. साडेतीनशे रोख. किल्ली घेऊन जाणार.
ही ओळ मी चारदा लिहिली,
चारही वेळा अक्षर वाकडं आलं.

काल रात्री ती झोपल्यावर वही उघडली.
मधल्या दिवशी, कॉर्फचा किल्ला होता तिथं, काट.
तिच्या निळ्या पेनाची, जाड, ओळ सोडून गेलेली.
खाली: वेअरहॅमजवळची जुनी धावपट्टी.
शेतकऱ्याला विचारलंय. दोन तास. मेंढ्या हलवून ठेवतो म्हणाला.
त्याखाली: हेझल चालवेल.

अडुसष्टाव्या वर्षी!
आणि वहीच्या पुठ्ठ्यात पाकीट,
पाकिटात शिकाऊ परवाना, माझ्या नावाचा.
फोटो तो, मागच्या महिन्यात मागून नेलेला.
सही माझीच. विम्याचा कागद म्हणून पुढे केला होता,
मी चष्मा न लावताच केली होती.

जिना चढून तिला हलवून उठवणार होते.
दोन पायऱ्या चढलेही.
वरून तिचं घोरणं येत होतं, जुन्या इंजिनासारखं,
चढावर न थांबणारं.

परत येऊन बसले. टेबलावर पुडिंगची रिकामी बशी होती.
दोन्ही हातांनी धरली.
थोडी उजवीकडे फिरवली.

प्रिचर्डची ओळ अजून तशीच आहे.
खोडरबर तिच्या शेजारी ठेवलंय,
नुसतं.