दुसरा घाव

खोलीत काय बोललो ते बाहेर सांगायचं नाही,
असा इथला कायदा आहे.
म्हणून बाकीच्या अकरा जणांचं सोडा,
मी फक्त माझ्या हातांचं सांगतो.

एकतीस वर्षं हे हात कारखान्यात कॉड तोलतायत.
काट्यावर टाकायच्या आधीच कळतं मला,
साडेतीन किलो, फार तर छटाकभर इकडेतिकडे.
कॉर्नर ब्रूकच्या कोर्टात माझ्यासमोर ठेवलं एक वल्हं,
मुठीवर चिकटपट्टी, पात्याला पुराव्याचं लेबल,
आणि म्हणाले, तोला.
वल्हं नव्हे. त्याचा घाव.

ऊना शेपर्ड त्या रात्री अनवाणी होती. मार्चमधला बर्फ.
बहिणीच्या दाराशी बहिणीचा नवरा,
एका हातात रॉकेलचा डबा, दुसऱ्यात लायटर,
वर तीन पोरं झोपलेली.
पहिला घाव कोपरावर. लायटर बर्फात.
इथवर सरकारी वकिलाचंही काही म्हणणं नव्हतं.
मग तो वाकला.
तो म्हणतो, कळ आली म्हणून वाकलो.
ती म्हणते, मला काय माहीत.
दुसरा घाव.

मला काय माहीत.
चार दिवस वकील या तीन शब्दांवर घिरट्या घालत होते,
धक्क्यावर फेकलेल्या आतड्यांवर कुरव घालतात तशा.

न्यायाधीशबाईंनी आम्हाला एक शब्द दिला : वाजवी.
वाजवी बळ.
हा शब्द मी रोज ऐकतो. भाव वाजवी लावा हो,
प्रत्येक नावाडी म्हणतो, आणि प्रत्येकाच्या मनातला आकडा वेगळा.
पण तिथे घासाघीस करायला वेळ असतो, चहा असतो.
तिच्यापाशी किती होता?
वकिलाने घड्याळ लावून दाखवलं, दीड सेकंद.
आम्हाला दोन दिवस, सँडविचं आणि गरम खोली.

रात्री हॉटेलात उशी उभी करून
मी छत्रीने मारून पाहिलं. हसू नका.
पहिला घाव नुसत्या भीतीचा. तो कळला.
दुसऱ्यातही भीती होतीच,
पण तळाशी आणखी काहीतरी,
नऊ वर्षं बहिणीच्या गालावरचे वळ मोजल्याचं.

मासा काट्यावर टाकला की
त्याच्या कल्ल्यांतलं पाणीही तोललं जातं.
पाणी वगळून मासा सांग, म्हटलं
तर एकतीस वर्षांत मला ते जमलेलं नाही.

बाई म्हणाल्या होत्या,
ज्याच्या अंगावर वेळ येते त्याच्या हातात काटा नसतो.
मी ते वाक्य धरून बसलो.
हात वर केला.

ती सुटली. पेपरात आलं.
तो पुढे कधीतरी दिसला, डीअर लेकच्या पंपावर,
डाव्या हाताने गाडीत पेट्रोल भरत.
उजवा खिशात. मला त्याने ओळखलं नाही,
किंवा ओळखलं.

हल्ली सकाळी पहिला मासा टाकण्याआधी
मी रिकामा काटा बघत उभा राहतो.
शून्यावर येतो.
जरा वेळ लावतो, पण येतो.