खाडा

आवृत्ती चार पूर्णांक दोन.
रविवारी चहाला उकळी येईपर्यंत
ॲप आपलं आपण नवं होऊन बसलं.
आता म्हणे दोन कॅमेऱ्यांतली दोन रिळं
एकाच वेळी सांभाळेल,
हवामान स्वतः भरेल,
आणि बोटं गारठली असतील तर नुसतं बोलायचं,
ते लिहून घेईल.

डंडीत बोटं ऑक्टोबरातच गारठतात.
नदीकाठी उभी राहून मी बोलले:
चौदा. इशबेल. एफ आठ, एकशेपंचविसावा.
त्यानं लिहिलं: चौदा ईश बेल.
म्हातारीला थेट महादेवापुढे नेऊन बसवलं.
मी दुरुस्त केलं नाही.

इशबेल कॉरिगन, आमच्याच जिन्यात, तळमजल्यावर.
पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागली,
यंत्रांच्या खडखडाटात कान गेले,
तेव्हापासून माणसांचे ओठ वाचते.
मी फोनवर आईशी बोलत जिना उतरते
तेव्हाही टक लावून बघते,
आणि वरून सांगते, आज भांडलात वाटतं.
फोटोला उभं राहताना एवढंच म्हणाली:
चांगला आला तर मला दे,
वाईट आला तर माझ्या बहिणीला.

पंधरा: माशांच्या दुकानाचं भिजलेलं शटर.
सोळा: चुकून. बहुतेक माझा बूट.
सतरा: टे नदीत जुन्या पुलाचे खुंट.
पूल पडून दीडशे वर्षं होत आली,
नव्या पुलावरून गाडी रोज त्यांच्या शेजारून जाते,
ते एका रांगेत उभेच आहेत, डोक्यावर काही नसताना.
ढगाळ. नऊ अंश. वारा आग्नेयेकडून.
(हे सगळं ॲपनं भरलं. खुंट मी.)

रीळ धुवायला टाकलं.
चार दिवसांनी रुअरीचा फोन,
आवाज दवाखान्यातल्यासारखा हळू:
सगळी कोरी आहे हो.
फिल्मची जीभ चाकात अडकलीच नव्हती.
म्हणजे तीन आठवडे मी खटका ओढत होते,
आकडा पुढे सरकत होता
आणि आत काहीच सरकत नव्हतं.
छत्तीस फोटो.
छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच असावा,
माझी पाठ फिल्मकडे, फिल्मची माझ्याकडे.

नोंदी मात्र छत्तीसच्या छत्तीस.
एकही मिनिट इकडचं तिकडे नाही.

नव्या आवृत्तीत यासाठीही सोय आहे.
चौकटीवर बोट दाबून धरलं की विचारतं:
रिकामी म्हणून खूण करू?
मिरजेला स्वयंपाकघराच्या दारामागे
दुधाचं कॅलेंडर असायचं.
एक, एक, दीड, एक,
आणि गवळी आला नाही त्या चौकोनात
आईच्या अक्षरात: खाडा.
महिनाअखेरी दोघांची वादावादी व्हायची
ती आलेल्या दुधावरून कधीच नाही.
एकोणीस तारखेला कोण आलं नाही,
का आलं नाही, कुणाचं लग्न होतं,
म्हैस कशी अडली,
सगळं गाव त्या एका चौकोनातून
आमच्या ओट्यापर्यंत यायचं.

मी बटण दाबलेलं नाही अजून.

इशबेलला जिन्यातच सांगितलं.
दिवा गेलेला होता, म्हणून तिनं मला
दाराच्या उजेडाकडे वळवलं, ओठ दिसावेत म्हणून.
कोरं? हो, कोरं.
तुझा, पुलाचा, सगळ्यांचा.
थोडा वेळ ती काही बोलली नाही.
मग फोनकडे बोट दाखवून:
त्यात काय लिहिलंय माझं?

मी वाचलं.
चौदा. चार वाजून बारा मिनिटं.
ढगाळ, अधूनमधून ऊन.
एफ आठ. एकशेपंचविसावा.

पुन्हा वाच, म्हणाली.
आणि माझ्या ओठांवरची नजर न काढता
तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला,
हनुवटी जराशी वर उचलली.