आट

रात्रपाळीहून आलो तेव्हा श्रावंती जागीच होती.
माझ्या केसांत कापसाची पिंज,
तिच्या वहीत बुध.
'बघा नाना,' म्हणत तिनं मोबाइल पुढं धरला:
राखाडी, देवीचे वण उठलेला चेहरा.

मी म्हणालो, ही तर कुंभारीच्या पलीकडची खाण,
सुरुंग लावून सोडून दिलेली.
ती हसली नाही.
दगड तसाच, म्हणाली,
भेगांतून वितळून वर आलेला, थरावर थर.
आपल्याकडं आला साडेसहा कोटी वर्षांमागं,
तिकडची भट्टी साडेतीन अब्जांमागंच विझली.

मग आदळण्याचं सांगू लागली.
एक धोंडा असा पडला म्हणे
की सोलापूरपासून अमृतसरपर्यंत एकच खड्डा,
आणि हादरा पोटातून आरपार जाऊन
पाठीवर, नेमका समोर,
जमीन उसवून गेला.
मला आठवलं,
जुन्या मिलचं धुराडं पाडलं त्या दुपारी
दोन मैलांवर, आमच्या गल्लीत,
राजव्वाच्या सुपातली तंबाखू सांडली होती.

'नंतर तो थंड होत गेला.
पोटात सगळं लोखंडच. ते आकसलं,
वरची साल अंगाला मोठी झाली,
चुण्या पडल्या, शेकडो किलोमीटर लांब कडे उभे राहिले.
सातेक किलोमीटर आत गेला, नाना, चहूबाजूंनी.'

मला नवल वाटलं नाही.
बत्तीस वर्षं टॉवेल विणतोय.
मागावरून उतरलेलं कापड
पहिल्या धुण्यात आटतंच;
साठ इंच हवं तर आम्ही चौसष्ट विणतो.
मी विचारलं, ज्यानं हा विणला
त्यानं आट धरली नव्हती का?

ती लिहायची थांबली.

पहाटेचे चार, पत्रे अजून गरम.
तिकडं दुपारी शिसं वितळतं म्हणे,
तरी ध्रुवावरच्या काही खड्ड्यांच्या तळाशी
ऊन एकदाही उतरलं नाही,
तिथं बर्फ आहे.
वारा नाही, पाणी नाही,
पुसणारं कुणी नाही;
घाव बहुतेक जिथल्या तिथं.

इथं धुराड्याच्या जागी मंगल कार्यालय झालं.
खाणीत वेड्या बाभळी.
राजव्वा गेली, सूप कुणी नेलं माहीत नाही.

श्रावंती वहीत काहीतरी खोडत होती.
माझं वाक्य लिहिलं होतं की काय,
विचारलं नाही.
बुधवारी पेपर आहे तिचा.
मी अंघोळीला गेलो,
पिंज काही केल्या निघत नव्हती.