भार नसताना

तापकीर मामी म्हणाल्या, "सपाटीला गुणाची आहे रे,
शंकर महाराजांच्या मठापुढं चढ लागला
की अंग टाकते."
मागं क्रेटमध्ये अठरा डबे,
भारतीच्या होस्टेलला साडेबाराच्या आत.

मी साखळी उतरवली, क्रँक हातानं फिरवला.
आवाज बरा. नायलॉनच्या गिअरचे दात शाबूत,
तिन्ही हॉल सेन्सर बोलतायत.
मग संशय माझ्यावरच आला,
कारण आतलं फर्मवेअर मी घातलेलं,
कंपनीचं मूळ पुसून.
ते मूळ कुलूपबंद येतं. वाचता येत नाही,
पुसता मात्र येतं.

रात्री दोन. सोसायटीचं पार्किंग,
लॅपटॉप तेलाच्या डब्यावर, मी पायरीवर.
चार तारांतली तिसरी सैल,
तिला कपड्यांचा चिमटा.
फ्लॅश केलं. पडताळलं. जुळलं.
सकाळी मामींचा फोन: "तसंच."

कोडमध्ये कुणा लांबच्या माणसाची टीप आहे:
हे का चालतं ते मला कळलेलं नाही,
इथं हात लावू नये.
मी लावला होता का? आठवेना.
सगळं पुन्हा वाचलं, बोट ठेवून,
शाळेत धडा वाचायचो तसं.

मी चालवली की छान पळते.
बालाजीनगर, कात्रज, वरच्या वळणापर्यंत,
घाम नाही.
मामी बसल्या की नाही.
गाडी माणूस ओळखते म्हणतात तसलं काही
मी मानत नाही. मी लॉग मानतो.
माझ्या लॉगमध्ये शून्याच्या जागी एकशे अठ्ठेचाळीस.
मामींच्या लॉगमध्ये दोनशे छत्तीस.

म्हणून एके सकाळी नुसता बघत उभा राहिलो.
"उठता किती वाजता?"
"उठायचं काय त्यात. चार."
जणू चार हा आकडाच नव्हे.

मामींनी गाडी फुटपाथला टेकवली,
डावा पाय हातानं उचलून पलीकडं टाकला,
उजवा पॅडलवर रोवला, तोल धरला,
आणि मग
बटण दाबलं.

जागी होताना पहिले दोन सेकंद
मोटर जेवढं वजन बघते
त्याला ती शून्य धरते.
पुढचं सगळं त्याच्या वरचं मोजते.
मामींचा निम्मा जोर रोज सकाळी
शून्यात जमा होत होता.

"मामी, आधी बटण, मग पाय."
त्या हसल्या. "वाटी बदललीय गुडघ्याची.
आधी रोवला नाही तर अठरा डबे रस्त्यावर.
तुझ्या मशीनलाच सांग की."

सांगितलं. एकतीस ओळी.
उठल्या उठल्या मोजायचं नाही,
शून्य म्हणजे एकशे अठ्ठेचाळीस, मी सांगतो म्हणून.
आणि पॅडल फिरल्याशिवाय
एक वॅटही सोडायचा नाही,
नाहीतर बटणासरशी बाई थेट नाल्यात.
तिथंच खाली मीही टीप लिहिली:
हे का चालतं ते मला माहीत आहे.
हात लावण्याआधी मामींना विचारा.

दुसऱ्या दिवशी मठाच्या चढाला
मी मागून स्कूटर घेऊन होतो, उगाच.
मामींनी मागं बघितलं नाही.
पीएमटीच्या थांब्यावरचा एक पोरगा बघत राहिला,
क्रेटमधली झाकणं वाजत होती.

बॅटरीवर मार्करनं लिहून ठेवलंय, १४८.
डिसेंबरात हा आकडा सरकेल,
गारठ्यात सेन्सर आखडतो,
न रेटता रेटल्यासारखं वाटेल तिला.
म्हटलं, "थंडी पडली की आणा परत."
"थंडीत डबे वाढतात," मामी म्हणाल्या,
"तूच ये. जेवून जा."