स्थळ पाहणं

माणसं ठरलेली होती, स्थळ ठरत नव्हतं.
जवळ नऊ हजार डॉलर,
त्यातले दोन गाडीच्या गिअरबॉक्सने खाल्ले.
म्हणून यादीतली पहिली जागा, द्राक्षमळ्यातली,
आम्ही फाटकाबाहेरूनच पाहिली,
इंजिन बंद न करता.

दुसरं धान्याचं कोठार.
म्हणजे कोठारासारखं काहीतरी,
मागच्या वर्षी बांधलेलं, एकही दाणा न पाहिलेलं.
नव्याकोऱ्या फळ्यांना साखळ्यांनी बडवून बडवून
म्हातारं केलंय, असं मालकीण कौतुकानं सांगत होती.
रेवी माझ्या कानाशी पुटपुटला,
आपलं हे काम फुकटात झालं.
तो सत्तेचाळीसचा, मी त्रेचाळीसची.
भाडं साडेसहा हजार. खुर्च्या वेगळ्या.
खुर्चीच्या पाठीला बांधायची रिबन,
तीही वेगळी.

चर्चचा हॉल स्वस्त होता,
पण तिथे माझं पहिलं लग्न झालं होतं.

मग शनिवारी, रॅनफर्लीच्या पुढे,
खडीच्या रस्त्याने तासभर,
दोन्हीकडे वाळलेल्या गवताचे पिवळे डोंगर
आणि काचेतून आत येणारा रानटी थाइमचा वास.
नोला डन्स्टनची लोकरशेड.
गंजका पत्रा, एक बल्ब, एकच प्लग.
आत ओल्या स्वेटरसारखा वास,
फक्त स्वेटर शंभर वर्षांचा.
मेंढ्यांनी अंग घासघासून
कठडे इतके गुळगुळीत केलेले
की मी नुसता हात फिरवला आणि
दिवसभर क्रीम लागलं नाही.

नोला ऐंशीच्या पुढची. काठीने एकेक दाखवत गेली.
इथे गळतं. तिथे पोसम राहतं, त्याला त्रास देऊ नका.
वायव्येचा वारा सुटला की पत्रा ओरडतो,
शपथा कुणाला ऐकू येणार नाहीत.
मुलाकडच्यांनीच मुलाचे सगळे दोष
पहिल्या भेटीत सांगून टाकावेत, तसं.
जमीन पट्ट्यापट्ट्यांची, मधे फटी,
लेंड्या खाली पडाव्यात म्हणून.
माझी टाच अडकली.
रेवीने गुडघ्यावर बसून बूट सोडवला
आणि नोला म्हणाली,
हे मागणं घालून झालंय ना एकदा?

भिंतीवर पेन्सिलीचे आकडे, दाराएवढ्या उंचीपर्यंत.
कुणी दिवसाला किती मेंढ्या कातरल्या.
दोनशे ऐंशी. तीनशे चार. तीनशे बारा.
मधेच, वेगळ्या अक्षरात: पाऊस. काम बंद. जीन आली.
जीन कोण, मी विचारलं नाही.
फुलं लावा, दिवे लावा, नोला म्हणाली,
भिंतीला हात लावायचा नाही.

शेवटी पैशांचं निघालं.
ती बराच वेळ डोंगराकडे बघत राहिली.
पैसे ठेवा. ओढ्याकडचं कुंपण आडवं झालंय,
तीनेकशे मीटर असेल.
रेवी वीस वर्षं कुंपणंच घालतोय.
येताना त्याने ते पाहिलं होतं, गाडी हळू करून.
सहाशे मीटर, एक खांबही कमी नाही.
तीनशे, तो म्हणाला. जमेल.
नोलाने त्याच्याकडे नीट पाहिलं.
मला वाटतं, तिलाही आकडा ठाऊक होता.

फेब्रुवारीत या. कातरणी झालेली असेल.
वास जाणार नाही, तो गृहीत धरा.

परतीच्या वाटेवर रेवी खांब मोजत होता, ओठांतल्या ओठांत.
मी मांडीवर वही घेतली.
ऐंशी माणसांना फिरती शौचालयं तीन: नऊशे साठ.
जनरेटर: माझ्या भावाचा, चालला तर.
मटण: विचारायचं.
जागा: तारा, खांब, रेवीचे तीन आठवडे.
आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित करून,
चपटे बूट.